पायरेट कोपऱ्यात आता कोण? ॲनिमे ठरवण्याआधीची पुरुमेत

मे महिन्यात गोव्यातल्या घरांतून पुरुमेत भरतात. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, लाकडं सगळं एकदाच, पाऊस लागल्यावर धावाधाव नको म्हणून. आमच्या पार्कातला जुना पायरेट कोपरा मोडून तिथे एखाद्या ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टूनचा, कोपरा करायचं घाटतंय, तेव्हा मीही तशीच पुरुमेत भरायला बसलोय. घरी काय लागणार ते आईला ठाऊक असतं. इथे मालकांना एक हवंय, त्यांच्या मुलाला दुसरं आणि तिकीट खिडकीवरच्या पोरांना तिसरं. मी देखभालीचा माणूस. माझ्याकडे नाव विचारायला कोणी येत नाही, पण नाव ठरल्यावर नटबोल्ट मलाच आवळायचे असतात, म्हणून ही यादी.

सुरुवात नावांपासून करू नका. आधी काय राहणार आहे ते लिहा. आमच्याकडे एक झुलतं जहाज, एक छोटी आगगाडी, एक भूतबंगला, खाऊचे दोन गाडे आणि दारात फायबरचा एक सांगाडा आहे, ज्याचा एक हात मागच्या पावसात गळून पडला. यातलं जहाज, गाडी आणि भूतबंगल्याच्या भिंती राहणार, कारण नव्या राइडला पैसे नाहीत. म्हणजे जो ॲनिमे निवडू तो या तीन गोष्टींवर बसला पाहिजे. मोजपट्टी घ्या आणि प्रत्येक राइडची उंची, फिरण्याची जागा, माणसाचा हात पोचेल ते अंतर, खांबांची जागा, पाण्याचा उतार कागदावर आणा. राइडच्या कारखान्याची मूळ पुस्तिका सापडते का तेही बघा. आमची मालकांच्या कपाटात जुन्या दिवाळी अंकांखाली सापडली.

आता पहिला मोह. जहाज आहे ना, मग वन पीस, समुद्री चाच्यांची गोष्ट. बैठकीत सगळे हेच बोलले आणि क्षणभर मलाही पटलं. पण बघा. ही गोष्ट १९९७ पासून मासिकात चालू आहे आणि तिच्यातल्या जहाजांना चेहरे आहेत. पहिल्या जहाजाच्या नाकाडावर मेंढ्याचं डोकं, दुसऱ्याच्या नाकाडावर सिंहाचं. झुलत्या जहाजाला मात्र दोन्ही बाजूंनी सारखंच टोक असतं, कारण ते पुढे जात नाही, झोके घेतं. एका टोकाला डोकं बसवलं तर तोल बिघडणार, दोन्ही टोकांना बसवलं तर चाहते हसणार. शिवाय शंभर किलोचं डोकं म्हणजे वाढीव भार, त्याला कारखान्याचं लेखी पत्र हवं. भारतात राइडच्या सुरक्षिततेसाठी आयएस १५४७५ हे मानक आहे. रंग बदलला तर प्रश्न नाही, वजन बदललं तर प्रश्न आहे, हे वाक्य बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

आणि एवढी लोकप्रिय गोष्ट म्हणजे कोपरा कायमचा चालेल असंही नाही. टोकियो टॉवरच्या पायथ्याशी याच गोष्टीचं एक अख्खं बंदिस्त पार्क २०१५ मध्ये उघडलं आणि कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये बंद झालं. इकेबुकुरोमधलं जे-वर्ल्ड टोकियो तर २०१३ ते २०१९ एवढंच चाललं, तेही ड्रॅगन बॉल, वन पीस, नारुतो अशी तिन्ही मोठी नावं एका छपराखाली असताना. ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओवाल्यांनी वेगळी वाट धरली. २०१५ पासून ते ‘कूल जपान’ नावाने ठरावीक महिन्यांपुरते ॲनिमे आणतात आणि मुदत संपली की उतरवतात. एवढ्या मोठ्या पार्कालाही कायमचं लग्न नको वाटतं, मग आपण आंधळेपणाने सप्तपदी का घालायची?

म्हणून यादीतली पुढची गोष्ट: सांगाडा वेगळा, कातडी वेगळी. लोखंडी चौकट कुठल्याच पात्राची नसावी. तिच्यावर बसणारे पत्रे, फायबरचे तुकडे, पाट्या बोल्टने काढता येतील अशा असाव्यात. करार संपला की सगळं काढून टाकावं लागतं, चित्र असलेली कचरापेटीसुद्धा. ती काढण्याची मजुरी आजच अंदाजपत्रकात धरा, नाहीतर पाच वर्षांनी मालक मला विचारतील, आणि तेव्हा मी निवृत्त झालेला असेन.

पाऊस हा वेगळा धडा आहे आणि त्याला जागा द्यायलाच हवी. गोव्यात वर्षाला सरासरी तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, आणि उरलेले आठ महिने खारा वारा. जपानी नमुन्यांच्या फोटोत जो गुळगुळीत निळा, पिवळा, नारिंगी दिसतो तो इथल्या उन्हात दोन हंगामांत फिकटतो. नारिंगीचा भोपळी होतो, लालाचा गुलाबी. हक्क देणाऱ्यांकडे प्रत्येक रंगाचा ठरलेला क्रमांक असतो आणि फिकट रंग त्यांच्या लेखी चुकीचा रंग असतो. तेव्हा नाव ठरवण्याआधी त्याचे मुख्य चार रंग घ्या, आपल्या रंगाऱ्याकडून चार पट्ट्या रंगवून घ्या आणि जहाजाच्या दक्षिण बाजूला एक पावसाळाभर टांगून ठेवा. हसू नका, हीच सगळ्यात स्वस्त चाचणी. उघड्यावरचं लोखंड गॅल्व्हनाइझ केलेलं, बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, लाकूड शक्यतो नकोच कारण वाळवी. भूतबंगल्यात हवा खेळती ठेवा, नाहीतर पडद्यांना अशी बुरशी धरते की भुतांची गरज उरत नाही.

मग माणसं. एका रविवारी फाटकावर उभे राहा. हातात नावं न छापलेली सात-आठ चित्रं ठेवा. मुलाला विचारा हा कोण, मग आईबाबांना, मग आजीला. मी हे केलं. म्हापशाच्या कॉलेजातल्या पोरांनी डेमन स्लेअरमधला तांजिरो आणि जुजुत्सु कायसेनमधला गोजो डोळे मिटून ओळखले, कारण ती मोबाइलवर मूळ जपानीत बघतात. डिचोलीहून आलेल्या कुटुंबात मात्र आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी ओळखला तो एकच. आजी म्हणाली, “तो निळो माजर न्हय?” म्हणजे डोरेमॉन. नातवाला त्याचे संवाद हिंदीत पाठ, घरात कोकणी, शाळेत मराठी. तिकिटाचे पैसे आजीच्या मुलाच्या खिशातून येतात हे लिहून ठेवा.

मालकांच्या मुलाला डेमन स्लेअर हवंय. आवड चांगली आहे, त्याचा २०२०चा चित्रपट जपानात विक्रमी चालला आणि २०२५चा नवा आपल्याकडेही जोरात झाला. पण त्या गोष्टीत राक्षसांची मुंडकी उडवतात, आणि आपल्याकडे दुपारी तीन वर्षांची पोरं येतात. दुसरी अडचण खास गोव्याची. दिवाळीच्या आदल्या रात्री इथे वाड्यावाड्यावर नरकासूर उभे राहतात. ऑक्टोबरात लाल डोळ्यांचा, सुळे काढलेला दहा फुटी पुतळा कुठेही उभा केला तर लोक त्याला नरकासूरच म्हणणार आणि पहाटेची वाट बघणार, जाळायची. शिनचॅनही सुचला. मुलांना अतोनात आवडतो, पण २००८ मध्ये त्याचं प्रसारण काही काळ बंद पडलं होतं ते पालकांच्या तक्रारींमुळेच, आणि ते पालक आजही आमच्या तक्रारवहीत लिहायला येतात.

या सगळ्यातून माझं एक मत झालंय आणि ते मी बैठकीत सांगणार आहे. पात्र निवडू नका, जागा निवडा. मनुष्य चित्राशेजारी उभा राहून एक फोटो काढतो आणि पुढे जातो, पण जिथे आत शिरता येतं तिथे तो बसतो, खातो, पोराला खेळू देतो. जपानच्या आयची प्रांतातलं जिब्ली पार्क, जिब्ली या ॲनिमे स्टुडिओच्या चित्रपटांवरचं, १ नोव्हेंबर २०२२ ला उघडलं ते २००५च्या जागतिक प्रदर्शनाच्या जुन्या मैदानावर. तिथे मोठ्या राइड्स नाहीत. झाडं राखली, घरं बांधली, आणि एक घर तर २००५ पासूनच तिथे होतं. तिथल्याच आवाजी बेटावरच्या निजिगेन नो मोरी या ॲनिमे पार्कानेही सरकारी उद्यानाच्या झाडीतच शिनचॅन आणि नारुतो बसवले. आमच्याकडे झाडी आहे, मागे चिऱ्यांची जुनी खाण आहे. कड्यात कोरलेले चेहरे असलेलं नारुतोचं गाव तिथे सुंदर बसेल, हे मान्य. पण ती खाण पावसात ढासळते, म्हणून तूर्तास बाजूला.

डोरेमॉनची जागा काय? त्याचा दोस्त नोबिता, त्याच्या घराजवळचं रिकामं मैदान आणि त्यात रचलेले सिमेंटचे तीन पाइप. दोन खाली, एक वर. जगात कुठेही हे तीन पाइप बघितले की पोरांना कळतं आपण कुठे आहोत. आणि सिमेंटचा पाइप ही गोव्यात मिळणारी वस्तू आहे, रस्त्याच्या मोरीसाठी तर रोज वापरतात. अर्थात मैदान बांधायला सोपं वाटतं तेवढं नाही. मुलाला आत बसता येईल असा पाइप टनाच्या आसपास भरतो, तेव्हा खालचे दोन पाळण्यात घट्ट बसवा, वरचा पट्टीने बांधा, क्रेनची वाट मोकळी ठेवा. कडा गोल घासा. भोवती रबराची फरशी, कारण पोरं वर चढणारच, मूळ गोष्टीत दांडगा जियान चढतो. पाइपला थोडा उतार द्या म्हणजे पाणी साचून डास होणार नाहीत. आणि पावसाळ्यात सकाळी फाटक उघडण्याआधी तिन्ही पाइपांत टॉर्च मारायचं काम कोणाचं, ते नावानिशी लिहा. मागच्या वर्षी गाडीच्या बोगद्यात धामण निघाली होती.

आणखी एक सोय आहे. गोष्टीतला डोरेमॉन बरोबर १२९.३ सेंटिमीटर उंच. मोठ्या राइडवर उंचीची अट असते आणि मोजण्याची पट्टी बघून पोरं रडतात. शेजारी तो उभा असला तर पट्टीचाच खेळ होईल. अट मात्र कारखाना सांगेल तीच, १२९.३ नव्हे.

वेशातल्या माणसाचं काय तेही बघा. मागच्या एप्रिलमध्ये आमच्या अस्वलातला मुलगा घेरी येऊन पडला होता. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त पाळी नको, दोन माणसं, आत पंखा, आणि मागे पाणी व खुर्ची असलेली सावलीची खोली. ही खोली नकाशात नसेल तर वेशाचे हक्क मागूच नका.

हक्कांच्या बाबतीत एक गैरसमज दूर करा. टीव्हीवर दाखवणारी वाहिनी म्हणजे मालक नव्हे. जपानात ॲनिमे बहुतेक वेळा प्रकाशक, वाहिनी, स्टुडिओ, जाहिरात कंपनी यांच्या समितीच्या मालकीचा असतो. डोरेमॉनच्या खाली फुजिको प्रो, शोगाकुकान, टीव्ही असाही, शिन-एई, एडीके अशी नावांची रांग असते. पत्र पाठवताना विचारा: पार्कात बांधकाम करण्याचे हक्क आहेत की फक्त दप्तरं-डबे विकण्याचे, भारतापुरते की गोव्यापुरते, किती वर्षं, किमान हमी रक्कम किती, तिकिटावर टक्का की फक्त विक्रीवर, आणि उद्या सिंधुदुर्गात किंवा बेळगावात दुसऱ्याला तेच दिलं तर? गाणी वेगळी. चित्राचा हक्क मिळाला म्हणजे सुरुवातीचं गाणं वाजवायची मुभा मिळते असं नाही, आणि भारतात गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या पीपीएल व आयपीआरएस या संस्थांचे परवाने आहेतच. हिंदी आवाजही वेगळे. मराठी किंवा कोकणी घोषणा करायची तर नवं ध्वनिमुद्रण आणि त्याचीही मंजुरी.

मंजुरी म्हणजे वेळ. कच्चं चित्र, पक्कं चित्र, नमुना, तयार वस्तू, दर टप्प्याला थांबा. एप्रिलअखेर ते मे सुरुवात तिथे गोल्डन वीकची सुट्टी, नेमकी आपली गर्दीची वेळ. ऑगस्टच्या मध्यात ओबोन, त्यांचा पितरांचा सण, आणि त्याच सुमाराला आपल्या डोक्यात गणेशचवथीची माटोळी, गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट. त्यांची घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे सकाळी दहाला मेल पाठवली की तिकडे जेवणाची वेळ टळून गेलेली. यंदाच्या चवथीनंतर बोलणी सुरू केली तर पुढच्या दिवाळीला उघडू असं मी धरलंय, आणि मालकांना मुद्दामच त्याहून दोन महिने उशिराचं सांगितलंय.

हिशेबाचं सीएला विचारा: तिकिटावर जानेवारी २०१८ पासून १८ टक्के जीएसटी आहे, आणि परदेशात रॉयल्टी पाठवताना टीडीएस व रिव्हर्स चार्ज (म्हणजे जीएसटी आपणच भरायचा) लागतो. पंचायत, अग्निशमन, अन्नपरवाना यांच्या फायली जुन्याच, फक्त नकाशा नवा.

खाण्याच्या गाड्यावर डोरेमॉनचे आवडते डोराकेक हवेत. मूळ दोरायाकीत दोन गोड धिरड्यांत लाल चवळीसारख्या अझुकीचं सारण असतं. आमची स्वयंपाकीण म्हणाली, आळसांदे, म्हणजे आपली गोव्याची चवळी, शिजवून गूळ घातला की झालं, नाहीतर पुरण आहेच. मला पुरणाचा आवडला. पण तोही नमुना म्हणून मंजुरीला पाठवावा लागेल, आणि कागदावर पुरण शब्दाचं जपानी काय लिहायचं यावर काल संध्याकाळ गेली.

राहिला दारातला एका हाताचा सांगाडा. त्याच्यासोबत फोटो काढलेली मुलं आता आपली मुलं घेऊन येतात. त्याला फेकू नका, धुऊन भूतबंगल्यामागच्या गोदामात ठेवा. तुटलेला हात वर्कशॉपच्या दुसऱ्या फळीवर आहे. आणि तीन पाइपांचा भाव मी फोंड्याहून मागवलाय. मालकांनी अजून होकार दिलेला नाही.