पहिला मिररलेस कॅमेरा: आधी लेन्स ठरवा, मग बॉडी

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेताना खर्चाची मर्यादा आखून घ्यावी आणि त्यातील निदान एक तृतीयांश रक्कम सोबत मिळणाऱ्या लेन्सखेरीज दुसऱ्या लेन्ससाठी बाजूला ठेवावी. सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, एपीएस-सी आकाराचा पुरे आहे; फुल फ्रेमचा, म्हणजे त्याहून मोठ्या सेन्सरचा, आग्रह धरणारे त्याच्या लेन्सची किंमत आणि वजन सहसा सांगत नाहीत. मेगापिक्सेलच्या वादातही पडू नये. निकॉन झेड५० टू या कॅमेऱ्याच्या २०.९ मेगापिक्सेलमध्ये १२ बाय १८ इंचांचे छायाचित्र स्वच्छ छापता येते.

खरी गुंतागुंत लेन्सची आहे. या टप्प्यावर मीही बराच काळ अडखळलो होतो, कारण दुकानातील सगळी चर्चा बॉडीभोवती, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याभोवती, फिरते आणि सोबतची किट लेन्स साडीवरच्या ब्लाउजपिसासारखी गृहीत धरली जाते. मिमीचा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद, आणि एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स अधिक उघडते. कॅनन आर५० सोबतची १८-४५ मिमी लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ/६.३ पर्यंतच उघडते. भर दुपारी बीबी का मकबऱ्यासमोर त्याने काहीच बिघडत नाही. परंतु गावच्या सप्ताहात रात्री कीर्तनकारांचे छायाचित्र घ्यायचे असेल, तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, इतका वाढवावा लागतो की चेहरा रवाळ दिसू लागतो. एफ/१.८ ची लेन्स तेथे सुमारे बारापट प्रकाश आत घेते. यावर विक्रेता स्टॅबिलायझेशनचे गुण सांगेल. ते आपल्या हाताचा कंप सावरते, नाचणाऱ्या टाळकऱ्याला थांबवत नाही.

स्वस्त मिळते म्हणून ५० मिमीची लेन्स मात्र डोळे झाकून घेऊ नये. एपीएस-सीवर ती फुल फ्रेमवरच्या ७५ ते ८० मिमीसारखी वागते आणि घरातील लहान खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी कुटुंब चौकटीत मावत नाही. रोजच्या वापरासाठी २४ ते ३५ मिमीची, एफ/२ किंवा त्याहून अधिक उघडणारी लेन्स शोधावी, तिची किंमत पाहावी आणि मगच तिच्या माउंटची, म्हणजे ती लेन्स जिच्यावर बसते अशा जोडणीची, बॉडी निवडावी. सोनीच्या ई-माउंटसाठी सिग्मा, टॅमरॉन यांच्या लेन्स मुबलक आहेत. निकॉनची २४ मिमी एफ/१.७ लेन्सही याच कामाची आहे. वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात मागे सरकायला जागा कमी पडते. तेथे निकॉन-सोनीच्या किट लेन्सचे १६ मिमी आणि कॅननचे १८ मिमी यांतील फरक स्पष्ट जाणवतो.

व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, नसलेला कॅमेरा छायाचित्रणासाठी घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे. सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड३० व्हिडिओसाठी चांगले आहेत, पण मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या उन्हात मागचा पडदा धड दिसत नाही.

पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी घ्यावी. वापरलेला कॅमेरा असेल, तर आकाशाकडे रोखून एफ/१६ वर एक छायाचित्र काढावे, म्हणजे सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. शेतात वारा सुटलेला असताना लेन्स बदलणे टाळावे. बदलावीच लागली, तर बॉडीचे तोंड जमिनीकडे ठेवावे.