माळावरच्या गवतात स्टायलो कसं लावायचं

आपल्याकडं बरडावर, मुरमाड माळावर जे कुसळी-पवना गवत येतं ना, ते पावसाळ्यात चांगलं असतं पण दिवाळी झाली की नुसती काडी राहते, कंधारी असो की देवणी, जनावर दिवसभर चरून येतं तरी बरगड्या दिसतात, कारण वाळक्या गवतात प्रथिनं 3-4 टक्केच उरतात. म्हणून गवतात शेंगवर्गीय चारा मिसळायचा. हलक्या रानासाठी मला त्यातलं स्टायलोच पटतं, मूळ खोल जातं आणि पावसानं ओढ दिली तरी तग धरतं.

माळ नांगरू नका, आहे ते गवत मोलाचं आहे. दोन-दोन फुटांवर कुदळीनं नुसत्या रेघा खरवडायच्या, बास.

खरी मेख बियात आहे. बी बाजरीपेक्षा बारीक आणि वरचं कवच इतकं टणक की पाणीच आत शिरत नाही. मी पहिल्या वर्षी तसंच फेकलं, महिनाभर रोज बघून यायचो, बोटावर मोजण्याइतकी रोपं आली, लई वाईट वाटलं. तवा हे नक्की करा: तीन तांबे उकळतं पाणी, त्यात एक तांब्या गार पाणी, बियाची फडक्यात सैल पुरचुंडी बांधून त्यात चार मिनिटं ठेवायची, लगेच गार पाण्यात बुडवायची आणि बी सावलीत सुकवायचं. मग चवळीला लावतो तेच रायझोबियम जिवाणू खत चोळायचं, गरम बियाला नाही.

एकरी दोन-अडीच किलो बी पुरतं, कोरड्या वाळूत मिसळून चांगला पाऊस झाल्यावर रेघांत टाका आणि वरून बोराटीची फांदी ओढा, खोल गेलं तर उगवत नाही. सोबत एकरी दोन बॅगा सुपर फॉस्फेट. युरिया अजिबात नको, गवत माजतं आणि स्टायलो खाली दबतं. श्रावणात गवत वर गेलं तर विळ्यानं वरच्यावर कापून घाला.

पहिल्या वर्षी जनावर सोडायचं नाही, शेजारच्या शेळ्या तर नाहीच! बी झडेपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येपर्यंत थांबा, त्याच बियावर पुढची वर्षं निघतात. आणि उन्हाळ्यात माळ पेटवायची सवय असेल तर ती सोडा, स्टायलो जळून जातं.

दुसऱ्या वर्षापासून माळाचे चार भाग करून आळीपाळीनं चारा. पावसाळ्यात जनावरं आधी गवतच खातात, स्टायलोला तोंड लावत नाहीत, घाबरू नका, गवत वाळलं की तेच शोधून खातात.