महागडा वेटसूट घेताना आणि वापरताना या चुका टाळा

सर्फिंगच्या वेटसूटकडून, म्हणजे गार पाण्यात अंगाला चिकटून ऊब राखणाऱ्या रबरी फोमच्या सूटकडून, तीन गोष्टी हव्या असतात: हात मोकळे फिरावेत, थंडी वाजू नये आणि सूट चार हिवाळे टिकावा. पाचशे डॉलर मोजले की तिन्ही पदरात पडतात, असं धरून दुकानात जाणाऱ्याची हमखास निराशा होते. वरच्या किमतीतले पैसे मुख्यतः मऊपणाचे आणि उबेचे असतात. टिकाऊपणा त्यात आपोआप येत नाही. बऱ्याचदा मऊपणा वाढतो तसं सूटचं आयुष्य घटतं. म्हणून 'सगळ्यात चांगला कोणता' हा प्रश्न बाजूला ठेवून 'यातलं काय थोडं कमी असलं तर मला चालेल' इथून सुरुवात करावी.

खालची माहिती उत्तर कॅलिफोर्नियाच्या पाण्याला धरून आहे: सॅन फ्रान्सिस्कोचा ओशन बीच, पॅसिफिकाचा लिंडा मार, सांताक्रूझ. वेटसूटचा इतिहासही याच भागातला. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला निओप्रीन या कृत्रिम रबराच्या सूटवर काम केलं, आणि १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सर्फचं दुकान काढणाऱ्या जॅक ओ'नील यांनी तो सर्फरांच्या अंगावर चढवला. गोव्यात किंवा कोकणात समुद्र २६ ते ३० अंश सेल्सिअसचा. तिथे रॅशगार्ड, म्हणजे अंगाला घासू नये म्हणून घालायचा पातळ ताणता शर्ट, पुरतो. त्यामुळे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, आलेल्या मराठी माणसाचा जाड वेटसूटशी पहिला संबंध येतो तो इथेच, आणि तोही महागड्या खरेदीतून.

मे महिना बघून पातळ सूट घेणं

आपल्या डोक्यात मे म्हणजे कडक उन्हाळा. इथल्या समुद्राचं तसं नाही. वसंतात वायव्येचे वारे सुटले की किनाऱ्यालगतचं वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. म्हणून एप्रिल ते जून हे वर्षातलं सर्वांत थंड पाणी, साधारण १० ते १२ अंश. त्यातल्या त्यात उबदार पाणी मिळतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, १४-१५ च्या आसपास. मे महिन्यातलं ऊन बघून ३/२ जाडीचा पातळ सूट घेतला की पाऊण तासात दात वाजतात.

सूटवरच्या आकड्यांत पहिला आकडा धडाची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा हातापायांची. इथे वर्षभरासाठी ४/३ हाच पाया. ५/४ घ्यायचा तो लवकर गारठणाऱ्यांनी किंवा भल्या पहाटे दोन-दोन तास पाण्यात बसणाऱ्यांनी. जाडी वाढली की पॅडलिंग करताना, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मागे सारताना, प्रत्येक हातामागे रबर ताणावं लागतं आणि खांदे लवकर दमतात. फक्त पाय बधिर होत असतील तर ३ मिमीचे बूट घ्या, डोकं ठणकत असेल तर २ मिमीची टोपी घ्या. दोन्ही मिळून नव्या सूटच्या मानाने कितीतरी स्वस्त पडतात.

मऊ म्हणजे उत्तम, असं धरून चालणं

निओप्रीन म्हणजे बंद बुडबुड्यांचा रबरी फोम. ऊब धरून ठेवतात ते हे वायूचे बुडबुडे. सूटच्या आत शिरलेलं पाणी आपल्याला ऊब देतं, हा समज उलटा आहे. ते पाणी तापवायला आपलीच उष्णता खर्च होते. जितकं कमी पाणी आत, तितकं चांगलं.

महागड्या फोममध्ये बुडबुडे जास्त आणि त्यांच्या मधल्या भिंती पातळ असतात. म्हणून तो हलका, उबदार आणि ताणायला सोपा. पण याच पातळ भिंती वारंवार दबून-ताणून बसतात, फोम चपटा होतो आणि ४ मिमीचा सूट दोन-तीन हंगामांत पातळ वागायला लागतो. आधी हे खांद्यांना आणि पार्श्वभागाला जाणवतं, कारण ताण आणि बोर्डवरचं घासणं तिथेच. त्यामुळे खांद्याला मऊ फोम आणि गुडघे, नडगी, बूड इथे जरा घट्ट फोम किंवा दणकट कापड असलेला सूट आम्हाला सर्वांत शहाणा सौदा वाटतो. सगळाच्या सगळा लोण्यासारखा मऊ सूट आठवड्यातून एकदा जाणाऱ्याने घेण्यात अर्थ नाही.

पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीने २०१६ मध्ये आपल्या वेटसूटमधून निओप्रीन काढून युलेक्स हे नैसर्गिक रबर आणलं. हे रबर हाताला जरा घट्ट वाटतं; पर्यावरणाचा विचार करून घेत असाल तर अवश्य घ्या, पण दुकानातल्या मऊपणाच्या परीक्षेत ते मागे पडतं म्हणून नाकारू नका. चुनखडीपासून केलेलं निओप्रीन हा शब्द लेबलवर दिसला तर त्यावरून टिकाऊपणाबद्दल काहीही ठरवू नका.

शिवण न बघणं

किमतीतला फरक खरा दिसतो तो शिवणीत. सूट उलटा करा आणि बघा. दोन्ही बाजूंना रुळांसारखी सपाट टीप दिसली तर ती फ्लॅटलॉक: सुई आरपार गेलेली, म्हणजे टाक्याटाक्याला भोक. ४/३ मध्ये ती नको. ग्लूड अँड ब्लाइंड स्टिच शिवणीत दोन कडा आधी चिकटवतात आणि सुई फोमच्या अर्ध्या जाडीतूनच वळून परत येते. पाणी जवळजवळ येत नाही. त्यावर आतून पट्टी असेल तर शिवण ताणातही उघडत नाही. सर्वांत वर येते द्रवरूप युरेथेनची चकचकीत पट्टी. ती पाणी पूर्ण अडवते, पण जुनी झाली की तिला चिरा पडतात आणि कडेने सुटते. महागडे सूट थोड्याच काळात गळू लागतात ते बहुधा इथेच.

दोनशे-अडीचशे डॉलरच्या सूटमध्ये चिकटवलेली शिवण आणि कळीच्या जागी आतून पट्टी मिळत असेल, तर पाचशेच्या सूटपेक्षा तो फार मागे नसतो. आतलं मऊ, लव असलेलं अस्तर मात्र महागात खरंच चांगलं असतं: अंगाला उबदार लागतं आणि लवकर सुकतं. अस्तर धडाला असलं तरी पुरे.

दुकानात पाच मिनिटांत निर्णय घेणं

अंगाला नीट न बसणारा पाचशेचा सूट बेतशीर बसणाऱ्या दोनशेच्या सूटपेक्षा थंड असतो. घालायला दहा मिनिटं लागली तर लागू द्या. आधी घोट्यांपासून वर, पोटरी, गुडघा, मांडी असं थोडं थोडं कापड वर सरकवत न्या. जांघेत सूट पूर्ण भिडला पाहिजे. तिथे दोन बोटांची पोकळी राहिली तर वरचं सगळं खाली ओढलं जातं आणि खांदे आवळतात. 'खांद्यात घट्ट होतो' म्हणून मोठा साइज घेणाऱ्यांपैकी पुष्कळांचा सूट खरं तर पुरता वर चढवलेलाच नसतो.

मग तपासा:

- दोन्ही हात डोक्यावर न्या. काखेत पोकळी नको, आणि मनगटाची बाही दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त मागे जाऊ नये.
- उकिडवे बसा. गुडघ्यामागच्या लवणीत एखादी सुरकुती चालेल, घडीवर घडी नको.
- कुणाला तरी कंबरेच्या खळग्यात कापड चिमटीत धरायला सांगा. सहज मूठभर हातात आलं तर तिथे पाणी साठणार.
- गळ्यातून एक बोट कष्टाने जावं. गिळताना त्रास होत असेल तर तो सूट ठेवून द्या.

एम, एल या अक्षरांवर थांबू नका. एमटी म्हणजे उंच सडपातळ माणसासाठी, एलएस म्हणजे बुटक्या रुंद बांध्यासाठी. पोट सुटलेलं आणि पाय आखूड असतील तर एलएस आधी घालून बघा; साध्या एलमध्ये घोट्याशी घड्या पडतात. कोरडा असताना सूट किंचित जास्तच घट्ट वाटायला हवा, पाण्यात तो सैलावतो.

झिपचंही इथेच ठरवा. पाठीवरची झिप घालायला सोपी, पण पाठ वाकवताना आडवी येते आणि तिच्यातून पाणी झिरपतं. छातीवरची झिप उबदार आणि लवचीक. मात्र गळ्याचा पडदा डोक्यावरून ओढताना झिपच्या टोकाशी फाटतो. बिनझिपचा सूट सर्वांत मोकळा, आणि काढताना सर्वांत जास्त ताणला जाणारा.

गार पाणी नेमकं कुठून येतं, ते न शोधणं

लाटेखालून डुबकी मारताना पाठीवरून एकदम गार पाणी वाहिलं तर दोष गळ्याचा किंवा झिपचा. गळ्याची दोरी नीट आवळा, आतला पडदा सपाट बसवा. पोटऱ्यांत पाणी साठून पाय जड होत असतील तर बूट सूटच्या पायावरून घातले असणार; सूटचा पाय बुटावरून खाली ओढा, म्हणजे बूट भरत नाही. हातमोज्यांचंही तसंच, बाही वरून. एकाच जागी, समजा डाव्या काखेत, सतत गार रेघ जाणवत असेल तर शिवण गेली.

ती शोधायला सूट उलटा करा, बाहीचं मनगट दोरीने बांधा, आत दोन लिटर पाणी ओता, वरचं तोंड मुठीत पिळून हलकेच दाबा. थेंब कुठून फुटतात तिथे खडूने खूण करा. सूट दोन दिवस वाळवून खूण केलेल्या शिवणीवर युरेथेनच्या शिवण-सीलरची आगपेटीच्या काडीएवढी रेघ घाला, काडीने सपाट पसरवा आणि चोवीस तास हात लावू नका. जाड थर दिलात तर तिथलं कापड ताणेनासं होतं आणि शेजारची शिवण उसवते.

नखांनी ओढणं

चंद्रकोरीसारखा छोटा काप दिसला की समजा नख. सूट वर ओढताना बोटांच्या टोकांनी न धरता पेरांच्या मऊ भागाने कापडाची घडी धरा. काळ्या गुळगुळीत, कापड नसलेल्या पट्ट्या वारा अडवतात म्हणून छातीवर असतात आणि नखाला त्याच सगळ्यांत आधी बळी पडतात.

काप आरपार गेला नसला तरी लगेच बुजवा, ताणाने तो वाढतो. लागतं निओप्रीन सिमेंट, म्हणजे निओप्रीन जोडायचा गोंद. सीलर वेगळा, त्याची गल्लत नको. काप गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. मागून बोट देऊन तो उघडा, दोन्ही कडांना काडीने पातळ थर लावा, पाच ते दहा मिनिटं थांबा. दुसरा थर द्या, पुन्हा थांबा. हाताला चिकटत नाही पण चिकट वाटतो अशा अवस्थेला आला की कडा तंतोतंत जुळवून मिनिटभर दाबा. ओला असतानाच दाबला की जोड निसटतो; ही दुरुस्ती फसते ती बहुतेक याच घाईने. खिडकी उघडी ठेवा, जवळ शेगडी नको.

गरम पाणी, ऊन आणि तेल

सर्फ झाल्यावर सूट अंगावर ठेवून गरम शॉवर घेणं ही फार महाग चैन आहे. गरम पाण्याने शिवणीतला डिंक सैल होतो. वॉशिंग मशीन आणि ड्रायर तर नकोच. थंड गोड्या पाण्यात बुडवून आतून-बाहेरून धुवा, महिन्यातून एकदा वेटसूटचा सौम्य साबण वापरा. ओला सूट खांद्यांवर टांगला तर पाण्याच्या वजनाने खांदे लांबतात. कंबरेवर घडी घालून जाड दांडीवर टाका. आधी आतली बाजू, सावलीत. उन्हाने रबर कडक होऊन तडकतं. गाडीच्या डिकीत रात्रभर पडलेला ओला सूट दुसऱ्या दिवशी वासावरून कळतो.

मानेला घासतं म्हणून व्हॅसलिन किंवा घरचं खोबरेल लावायचा मोह होतो. व्हॅसलिनसारख्या खनिज तेलाच्या मलमाने डिंक आणि पट्ट्या खराब होतात, आणि नैसर्गिक रबराला तर खोबरेलही मानवत नाही. वेटसूटसाठीचं, खनिज तेल नसलेलं मलम घ्या, किंवा आत पातळ लायक्राचा गळा घाला.

पैशांचा हिशेब उलटा मांडणं

आठवड्यातून एकदा जाणाऱ्याचे वर्षाला पन्नासेक फेरे होतात. त्याला अडीचशेचा, चांगल्या शिवणीचा सूट पुरतो आणि उरलेल्यात बूट-टोपी येतात. आठवड्यातून तीन-चारदा जाणाऱ्याला पाचशेच्या सूटचा मऊपणा खांद्यांना रोज जाणवतो, पण ओलाच सूट दुसऱ्या दिवशी चढवला तर त्याचा फोम लवकर चपटा होतो. त्याने एक महाग आणि एक मध्यम असे दोन सूट आलटून-पालटून वापरावेत.

हमीचा कागद पैसे देण्याआधी वाचा. सहसा शिवणीच्या आणि कापडाच्या दोषाला हमी असते, नखाच्या कापाला, गरम पाण्याला आणि उन्हाला नसते. बिल जपून ठेवा, पहिल्या महिन्यात बाहीत पाणी भरून वरची चाचणी करा, आणि गळती दिसली तर स्वतः सीलर लावण्याआधी सूट परत न्या. सीलर लागलेली शिवण बदलून द्यायला दुकानदार सहसा तयार होत नाही.