सी-थ्री-आर करताय? या चुका टाळा

‘सी-थ्री-आर झालं, मग चष्मा का नाही गेला?’ केराटोकोनसवर हा उपचार घेतलेल्यांच्या घरी हा प्रश्न हमखास येतो, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. या आजारात डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. सी-थ्री-आरमध्ये त्यावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब मुरवून अतिनील किरण सोडले की कोलॅजनच्या धाग्यांमध्ये नवे सांधे जुळतात आणि पडदा ताठ होतो. आजार आहे तिथे थांबावा, एवढाच हेतू. नंबर थोडा उतरला तर ती वरकमाई. चष्मा किंवा लेन्स बहुतेकांना पुढेही लागते.

म्हणून ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’ हे महागात पडतं. किशोरवयात आजार झपाट्याने वाढतो. मुलाचा सिलिंड्रिकल नंबर दर सहा महिन्यांनी बदलत असेल तर नुसता नवा चष्मा करून भागवू नका, टोपोग्राफी, म्हणजे पडद्याच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, करून घ्या. उलटी घाईही नको: चाळिशीकडे आजार बहुधा आपोआप स्थिरावतो, तेव्हा वाढच नसेल तर उपचार कशावर करायचा? वाढ कळते ती जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून. सर्वांत उंच भागाची वक्रता वर्षभरात १ डायॉप्टरने वाढली, तर डॉक्टर सहसा ती वाढ धरतात. रिपोर्ट रद्दीत घालू नका आणि शक्यतो त्याच यंत्रावर तपासा.

तपासणीला लेन्स घालून थेट जाणारेही असतात. लेन्सने पडद्याचा आकार तात्पुरता बदलतो, मग रिपोर्ट खोटं बोलतो. सॉफ्ट लेन्स आठवडा-दोन आठवडे आणि सेमी-सॉफ्ट त्याहून जास्त दिवस आधी काढायला सांगतात.

आता खरा शत्रू: डोळे चोळणं. ॲलर्जीची खाज, उन्हाळ्यातली धूळ, रात्रीचा मोबाइल, आणि बोटांची पेरं डोळ्यांत खुपसून रगडण्याची सवय. त्यात क्षणभर बरं वाटतं, हीच पंचाईत. सी-थ्री-आरनंतरही चोळणं चालू राहिलं तर आजार पुन्हा वाढू शकतो. ‘चोळू नको’ असं ओरडून काही होत नाही, खाजेवर इलाज करावा लागतो: थंड पट्टी, डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे थेंब. मेडिकलमधून आपल्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालणं मात्र काचबिंदू आणि मोतीबिंदूला आमंत्रण. उशीत डोळा दाबून पालथं झोपणंही सोडा.

‘पडदा पातळ आहे, आता काही होणार नाही’ हे ऐकून घरी बसू नका. उपचारात पडद्याचा वरचा थर काढतात; तो काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन, म्हणजे ०.४ मिलिमीटर, जाडी हवी, हा नेहमीच्या पद्धतीचा नियम. त्याहून पातळ पडद्यासाठी फुगवणारं रायबोफ्लेविन वापरण्यासारखे मार्ग आहेत. कॉर्नियाच्या तज्ज्ञांना विचारा. डोळ्यात पूर्वी नागीण (हर्पीस) झाली असेल तर तेही आधीच सांगा, कारण ती या उपचारानंतर उलटू शकते.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनची मूळ पद्धत म्हणजे ३० मिनिटं थेंब आणि ३० मिनिटं किरण. नव्या पद्धतींत किरणांचा वेळ कमी असतो. वरचा थर काढलेला असल्याने पहिले दोन-तीन दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी गळतं, उजेड सोसवत नाही. हे अपेक्षित आहे. पण दुखतं म्हणून बधिर करणारे थेंब घरी आणून घालू नका, त्यांनी जखम भरतच नाही. वेदनाशामक थेंबही सांगितले तेवढेच. जखम झाकायला डोळ्यावर ठेवलेली बँडेज लेन्स निसटली तर धुऊन परत बसवायची नाही, सरळ दवाखान्यात फोन करायचा. दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, चिकट घाण येऊ लागली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर रात्र काढू नका.

त्यानंतर काही आठवडे धूसर दिसतं. दुसऱ्याच आठवड्यात हौसेने केलेला चष्मा वाया जातो. साधारण तीन महिन्यांनी नंबर काढा. लेन्सही डॉक्टर म्हणतील तेव्हाच. चष्म्याला कंटाळून लॅसिकची, म्हणजे नंबर घालवणाऱ्या लेझर शस्त्रक्रियेची, चौकशी करत असाल तर थांबा, केराटोकोनसमध्ये लॅसिक करत नाहीत. आणि सहा महिन्यांनी पुढच्या टोपोग्राफीला जाल, तेव्हा धाकट्या भावंडालाही सोबत न्या. हा आजार काही घराण्यांत एकाहून अधिक जणांना होतो.