अ‍ॅनालॉग घ्यायचा की आयपी? मेगापिक्सलच्या आधी वायर बघा

सीसीटीव्ही बसवायचा म्हटलं की सगळे पहिला प्रश्न विचारतात, किती मेगापिक्सल घेऊ. माझं मत विचाराल तर तो प्रश्न थोडा मागे ठेवा आणि आधी टेप घेऊन बिल्डिंगभर फिरा, कॅमेरा कुठे लागणार, रेकॉर्डर कुठे बसणार, मधे किती फूट वायर जाणार आणि भिंतीत आधीची काही वायर आहे का, हे कागदावर लिहून काढा, अर्धा निर्णय तिथेच होतो.

दोन्हीतला फरक थोडक्यात सांगतो. अ‍ॅनालॉगमध्ये प्रत्येक कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंत, म्हणजे रेकॉर्डरपर्यंत, वेगळी कोअ‍ॅक्स (केबल टीव्हीसारखी गोल) वायर जाते, सोबत पॉवरच्या तीन बारीक तारा असतात म्हणून बाजारात तिला थ्री प्लस वन म्हणतात, टोकाला चित्रासाठी बीएनसी आणि पॉवरसाठी डीसी पिन, आणि १२ व्होल्टची पॉवर एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्यामधून. आयपी म्हणजे ज्याला लोक डिजिटल म्हणतात त्यात कॅट ६ म्हणजे नेटवर्कची वायर, त्याच वायरमधून पॉवर देणारा पीओई स्विच आणि एनव्हीआर म्हणजे आयपीचा रेकॉर्डर, चित्र आणि पॉवर दोन्ही एकाच वायरमधून. आणि अ‍ॅनालॉग म्हणजे धुरकट चित्र हे डोक्यातून काढा, तो जुना जमाना झाला, आता अ‍ॅनालॉग एचडीमध्ये २ आणि ५ मेगापिक्सल सहज मिळतात, फक्त डीव्हीआर तेवढं झेपणारा हवा, नाहीतर ५ चा कॅमेरा लावून काही उपयोग नाही.

आता वायर. जुन्या बिल्डिंगमध्ये कोअ‍ॅक्स धडधाकट असेल तर ती उपटून आयपी करायच्या भानगडीत पडू नका, कॅमेरे आणि डीव्हीआर बदला, काम होतं. नवीन बांधकाम असेल, प्लास्टर व्हायचं असेल तर मात्र डोळे झाकून कॅट ६ टाका. अंतराचं गणित असं, कॅट ६ वर १०० मीटर म्हणजे साधारण ३२८ फुटांची मर्यादा, त्यापुढे मधे स्विच लावावा लागतो. चांगल्या कोअ‍ॅक्सवर २ मेगापिक्सलचं चित्र २००-३०० मीटरही जातं, पण पॉवर तेवढी लांब जात नाही आणि इथेच लोक फसतात.

आमच्या सोसायटीत तेच झालं. गेटचा कॅमेरा दिवसभर मस्त चालायचा आणि अंधार पडला की स्क्रीन काळी, मिनिटाभराने परत चित्र, परत काळी. बसवणाऱ्याने दोनदा कॅमेरा बदलून दिला तरी तेच. शेवटी एका रात्री शिडी लावून कॅमेऱ्याच्या डीसी पिनला मल्टिमीटर लावला तर १२ च्या जागी ९ च्या आसपास व्होल्ट. रात्री आयआर एलईडी (अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यातले दिवे) पेटले की कॅमेरा जास्त करंट ओढतो, बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. गेटजवळच्या वॉचमन केबिनमध्ये वेगळा अडॅप्टर लावला आणि त्या दिवसापासून एकदाही बंद नाही.

वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरं दिसलं तर ते अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, दोन्ही सिस्टीमला वाईट, पीओईला तर फारच. आणि आपल्याकडचा पाऊस लक्षात ठेवा, उघड्यावरचा बीएनसी दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो आणि चित्रात आडव्या रेषा यायला लागतात, जॉइंट डब्यातच हवा आणि वायर डब्यात शिरण्याआधी खाली एक लोंबता वळसा द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल.

मग मेगापिक्सल. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायला दर मीटरला २५० पिक्सल धरतात. २ मेगापिक्सलची रुंदी १९२० पिक्सल, म्हणजे जेमतेम २५ फूट रुंद जागा. ५० फुटांचं पार्किंग एकाच कॅमेऱ्यात घेतलंत तर ओळखीचा माणूस फार तर कळेल, अनोळखी चेहरा नाही. गेटवर आयपी घेऊन जास्त मेगापिक्सल लावा, जिन्यात २ पुरे. बऱ्याच नव्या डीव्हीआरला थोडे आयपी कॅमेरेही जोडता येतात, त्यामुळे जुने अ‍ॅनालॉग ठेवून गेटपुरते आयपी हा माझा सगळ्यात आवडता मार्ग आहे, कमिटीलाही खर्च पटतो.

हार्ड डिस्क सीसीटीव्हीसाठीचीच घ्या. २ मेगापिक्सलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट डेटा) सतत रेकॉर्ड केला तर दिवसाला साधारण २१-२२ जीबी, म्हणजे ८ कॅमेऱ्यांना २ टीबी जेमतेम ११ दिवस. चोरी सुट्टीवरून आल्यावर कळते, तेव्हा महिन्याचा हिशोब धरा.

इंटरनेटला जोडणार असाल तर पासवर्ड त्याच दिवशी बदला, कृपा करून बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचे मूळ पासवर्ड वापरूनच लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, त्यात अ‍ॅनालॉगवाल्यांचे डीव्हीआरही होते, म्हणून आमचं आयपी नाही असं म्हणून सुटका नाही. भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या चाचणीचे नियमही कडक झालेत, बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि त्याचं सर्टिफिकेट मागा.

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी रात्री दहानंतर इन्स्टॉलरला बोलवा, कोणालातरी गेटमधून आत चालत यायला सांगा आणि लाइव्ह नाही, रेकॉर्डिंग लावून चेहरा ओळखू येतो का ते स्वतः बघा.