कंप्युटरनं ‘अपात्र’ दाखवलं, आता काय करायचं?

आमच्या आत्तीचं नाव मागं एका योजनेतनं उडालं. ऑपरेटरनं स्क्रीन आमच्याकडं फिरवली, तांबड्या अक्षरात ‘अपात्र’, आणि म्हणाला सिस्टीमनं काढलंय, आमच्या हातात काय नाही. कारण निघालं घरात चारचाकी. कसली चारचाकी, तर ट्रॅक्टर, जो त्या नियमात धरायचाच नसतोय!

कोल्हापुरात शिवाजी पेठेत कट्ट्यावर ह्यावरनं दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणतीय एआय आलं तर बरंच की, चिरीमिरी तरी बंद होईल, दुसरी म्हणतीय साहेबापुढं निदान रडता तरी येत होतं. मला विचाराल तर बऱ्याचदा तिथं एआयबियाय काय नसतंय, दोन खात्यांच्या याद्या जुळवलेल्या असतात आणि खापर कंप्युटरवर.

तर तोंडी उत्तर घेऊन घरी यायचं नाही. दाखल्यासारखी अधिसूचित, म्हणजे सरकारनं यादीत जाहीर केलेली सेवा असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली नकाराचं कारण लेखी द्यावं लागतंय, आणि 30 दिवसांत पहिलं अपील करता येतंय. त्यात बसत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. इथं एक गोम आहे, ‘माझं नाव का काढलं’ असं विचारू नका, ‘का’ ही माहिती होत नाही म्हणून अर्ज परत येतोय. प्रती मागा: पात्रतेचे निकष, माझं नाव कुठल्या यादीशी पडताळलं ती नोंद, माझ्या अर्जावरचा शेरा, आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम. हे पदनाम सोडू नका, सिस्टीम काय सही करत नसती.

अर्ज चॅटजीपीटीकडनं लिहून घेतला तरी चालतंय, मीपण घेतला, पण त्यानं दीड पान नुसतं ‘महोदय, सविनय’ ओतलं, आणि आपल्या राज्यात माहिती अधिकाराच्या अर्जाला एकच विषय अन 150 शब्द अशी मर्यादा आहे, निम्मं खोडायला लागलं. चॅटजीपीटीत आधारचा फोटो मात्र टाकू नका, नाव-पत्ता शेवटी हातानं भरा. जिथं चालतंय तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. आणि झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपला पाठवलेली पीडीएफ समोर उभं राहून डिलीट करून घ्या, लाजायचं काय त्यात.

अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख. क्लार्क म्हणाला ठेवून जावा मावशी, आत्ती म्हणाली, ‘शिक्का मार बाळा, मग जातो.’