यूकेचा पार्टनर व्हिसा नाकारला? ज्युडिशियल रिव्ह्यूच्या मागे लागण्याआधी या चुका टाळा

नवरा लीड्सला, बायको पुण्यात आणि होम ऑफिसचा (ब्रिटनच्या गृहखात्याचा) नकार ईमेलमध्ये. अशा वेळी घरातला पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘कोर्टात खेचा त्यांना.’ म्हणजे ज्युडिशियल रिव्ह्यू मागा: निर्णय कायदेशीर रीतीने घेतला का, याची न्यायालयीन तपासणी. सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते.

नकारपत्र शेवटपर्यंत वाचा. अपिलाचा हक्क आहे की नाही, हे बहुधा शेवटच्या भागात असतं. अपेंडिक्स एफएमखालचा (इमिग्रेशन नियमांतल्या कुटुंबविषयक भागाखालचा) जोडीदाराचा अर्ज साधारणपणे मानवी हक्कांचा दावा धरला जातो, म्हणून नकारावर बहुतेकदा फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे (पहिल्या पायरीच्या न्यायाधिकरणाकडे) अपील करता येतं. अर्ज भारतातून केला असेल तर नकार हाती पडल्यापासून २८ दिवस मिळतात. यूकेत राहून केला असेल तर पत्र पाठवल्यापासून १४ दिवस. अपिलाचा रस्ता उघडा असताना रिव्ह्यू मागितला, तर आधी अपील करा असं सांगून दावा चालवायची परवानगीच नाकारली जाण्याची दाट शक्यता. तोवर अपिलाची मुदत टळलेली असते.

मग रिव्ह्यू कधी? दावा ‘उघडपणे निराधार’ ठरवून अपीलच बंद केलं असेल, किंवा अर्ज अवैध म्हणून विचाराविना परत केला असेल तेव्हा.

दुसरी चूक म्हणजे रिव्ह्यूत नवे कागद जोडणे. समजा, उत्पन्नाची अट पूर्ण नाही म्हणून नकार आला. ही अट ११ एप्रिल २०२४पासून वर्षाला २९,००० पौंड आहे. सहा पगारपत्रकं दिली, पण पगार जमा झाल्याचं एका महिन्याचं बँक स्टेटमेंट राहिलं. ते आता दाखवून रिव्ह्यूत सहसा काही हाती लागत नाही, कारण अधिकाऱ्यासमोर त्या दिवशी काय होतं एवढंच पाहिलं जातं. उलट स्टेटमेंट अपलोड केलं होतं आणि अधिकाऱ्याने ते बघितलंच नाही, तर मुद्दा दमदार. म्हणून अर्ज भरतानाच अपलोडची यादी आणि पोचपावती जपून ठेवा. अपिलात मात्र नंतरचा पुरावाही बहुधा मांडता येतो. खरोखरच कागद राहिला असेल, तर मला विचाराल तर नवा अर्जच बरा.

रिव्ह्यूचं आपल्याकडच्या रिट याचिकेसारखंच आहे: निर्णय पटला नाही एवढं पुरत नाही, तो बेकायदा, अन्यायी पद्धतीने घेतलेला किंवा तर्काला सोडून आहे हे दाखवावं लागतं. (मुंबई हायकोर्टात रिट टाकू, असंही काही जण म्हणतात. ब्रिटनच्या निर्णयावर तिथे काही होत नाही.) जिंकलात तरी सहसा निर्णय रद्द होतो आणि होम ऑफिस तो नव्याने घेतं. व्हिसा थेट हातात पडत नाही.

मुदतीचंही तसंच. इंग्लंड-वेल्समध्ये रिव्ह्यूचा अर्ज अप्पर ट्रायब्युनलकडे (वरच्या न्यायाधिकरणाकडे) तातडीने आणि फार तर तीन महिन्यांत करायचा असतो. ‘तीन महिने आहेत की’ म्हणत पहिले दोन घालवू नका, आणि आपल्याकडच्या विलंब माफीच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. त्याआधी होम ऑफिसला प्री-अॅक्शन पत्र (दाव्याआधीची नोटीस) पाठवून उत्तराला साधारण १४ दिवस द्यायचे असतात. ही पायरी गाळू नका. चूक उघड असेल तर काही वेळा याच पत्रावर निर्णय मागे घेतला जातो आणि दावा टाकावाच लागत नाही.

परवानगी कागदांवरच नाकारली, तर तोंडी सुनावणी मागायला फक्त ९ दिवस. मात्र दाव्यात अजिबात तथ्य नाही असा शेरा पडला, तर तीही नाही. हरलात तर होम ऑफिसचा खर्चही अंगावर येऊ शकतो, म्हणून सॉलिसिटरला फीसोबत त्याचाही अंदाज आधी विचारा.